साडेअकराचं रक्त

संघप्रियाचा आणि तिच्या सासूचा एकच तह झालेला होता, आणि तो गुटीवरून झाला होता. बाकी सगळ्या बाबतीत दोघींचं आपसूक जमत गेलं. मीनाबाई नेसरीहून आल्या त्या पातळांची एक पिशवी, घरच्या तांदळाचं अर्धं पोतं आणि मुळ्यांची ॲल्युमिनियमची डबी घेऊन. संघप्रियाची रजा संपत आली होती, विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुन्हा रुजू व्हायचं होतं आणि सम्यकसाठी बघितलेली तिन्ही पाळणाघरं तिनं नापास केली होती. एकात पाण्याच्या पिंपाला झाकण नव्हतं, दुसऱ्यात जिन्याला फाटक नव्हतं, आणि तिसऱ्यात सगळं जिथल्या तिथं होतं म्हणून तिला संशय आला. त्यामुळं आत्ती आल्या हा तिला मोठाच आधार वाटला. सासूला ती तिकडच्या रीतीनं आत्तीच म्हणायची.

डबी उघडली तेव्हा मात्र तिनं हात मागं घेतला. आत कसल्या कसल्या वाळक्या मुळ्या, एक सुरकुतलेलं मायफळ, तळाशी बोटभर भुगा. हे सहाणेवर आईच्या दुधात उगाळायचं आणि बाळाला चाटवायचं. तिनं मोबाइलवर चार लेख वाचून काढले, दोन डॉक्टरांचे व्हिडिओ बघितले आणि रात्रीच्या जेवणाला हळूच विषय काढला. आत्तींनी भाकरी मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं.

"मग सूरज काय हवा खाऊन वाढला व्हय?" त्या म्हणाल्या.

सूरज ताटात बघून जेवत राहिला. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत तो क्वालिटीला होता. दोन माणसांच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये हे तिथं शिकला होता. आठवडाभर घासाघीस झाली आणि शेवटी तह ठरला. गुटी फक्त शनिवारी आणि रविवारी, संघप्रिया घरात असताना, तिच्या डोळ्यांसमोर. पाचच चिजा: हळकुंड, वेखंड, मायफळ, हिरडा आणि अतिविष. प्रत्येकाचा एकच वेढा, म्हणजे सहाणेवर एकदाच गोल फिरवायचं. आत्तींनी मान डोलावली. संघप्रियानं आपल्या वहीत गुटीचा एक रकाना वाढवला.

वहीत सम्यकचं सगळं असायचं. कधी प्याला, किती वेळ झोपला, शी कोणत्या रंगाची झाली. सूरज तिला ऑडिट म्हणायचा. गुटीच्या रकान्यात सोमवार ते शुक्रवार 'नाही' आणि शनिवार-रविवार 'हो', असे दोन महिने सरळ गेले. सम्यक दहा महिन्यांचा झाला, धरून उभा राहायला लागला, आणि संघप्रियाची झोप थोडीफार परत आली.

त्या गुरुवारी ती कामावरून आली तेव्हा आत्ती सम्यकला घेऊन खाली संयोगिताकडं गेल्या होत्या. संयोगिता तळमजल्यावर राहायची, आणि तिच्याकडं वाटाणे सोलायचं निमित्त आत्तींना आठवड्यातून दोनदा तरी सापडायचं. रिकाम्या घरात संघप्रियाची नजर डबीवर गेली. किती दिवस मनात होतं. तिनं मुळ्या ताटात ओतल्या, भुगा टाकून दिला, जुन्या टूथब्रशनं एकेक मुळी घासली, मग उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं ठेवली. एका मुळीला काळा दोरा गुंडाळलेला होता. तेलकट, मळकट, बोटाला चिकटणारा. तिला तो बघवेना. कात्रीनं कापून तिनं कचऱ्यात टाकला, ती मुळीही घासली आणि सगळ्या बाल्कनीत कापडावर पसरल्या. आत्ती वर यायच्या आत मुळ्या सुकून, डबी पुसून, सगळं जागच्या जागी गेलं होतं. आत्तींना ती काही बोलली नाही. धुतल्यानं मुळीचा गुण जातो, यावर अर्धा तास ऐकावं लागलं असतं.

शनिवारी सव्वादहाला आत्ती सहाण घेऊन बसल्या आणि संघप्रिया समोर मोडा ओढून बसली. आत्तींचे दोन्ही डोळे मोतीबिंदूचे, पिकायला आलेले. ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. पण गुटीला त्यांना डोळे लागत नसत. डबीत हात घालायच्या, बोटांनी चाचपायच्या आणि हवी ती मुळी बाहेर काढायच्या. संघप्रिया वेढे मोजत होती. हळकुंड एक, वेखंड एक, मायफळ एक, हिरडा एक, अतिविष एक. बरोबर पाच. वाटी बरोबर, चमचा उकळलेला, हात धुतलेले. तिनं वहीत 'हो' लिहिलं.

अर्ध्या तासात, पावणेअकराला, सम्यकच्या तोंडातून लाळेची धार लागली. दात येतायत असं आत्ती म्हणाल्या. मग त्यानं उलटी केली, मग आणखी एक. संघप्रियानं उचलला तेव्हा तो नेहमीसारखा तिच्या केसांना झोंबला नाही. मान खांद्यावर टाकून गप्प पडून राहिला. त्याचे तळपाय गार होते. ती एरवी शिंकेला घाबरणारी, पण त्या वेळी तिला घाबरायचं सुचलंच नाही. तिनं वही पिशवीत टाकली, आत्तींना चपला घालायला सांगितल्या आणि जिन्यातूनच संयोगिताला हाक मारली. संयोगितानं हातातली कणीक तशीच ठेवून गाडी काढली. सव्वाअकराच्या आत त्या राजारामपुरीतल्या लहान मुलांच्या दवाखान्यात होत्या.

तिथल्या डॉक्टर अंतरा तिच्याच वयाच्या असाव्यात. आवाज खालचा, हालचाली भरभर. त्यांनी सम्यकच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. मग छातीवर तारा चिकटल्या, पडद्यावर हिरवी रेघ धावायला लागली. दोन-तीन ठोके नीट पडत, एक हुकायचा, मग दोन एकमेकांच्या पाठोपाठ घाईनं. संघप्रियाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रेघ सरळ नाही एवढं कुणालाही दिसलं असतं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच विचारलं, जे विचारणार हे तिला ठाऊक होतं. काय दिलं? तिनं वही उघडली. आजची गुटी, सव्वादहा, पाच चिजा, एकेक वेढा. काल? काल नाही. परवा? नाही. गेल्या रविवारी दिली होती, तेव्हा काही झालं नाही. घरात कुणाच्या गोळ्या आहेत का? आत्तींच्या रक्तदाबाच्या, पण त्या कपाटात वर, आणि पाकीट मोजलेलं. डॉक्टरांनी वहीकडं एकदा बघितलं आणि तिच्याकडं एकदा.

"आत्ती, काल काही दिलं होतंत का तुम्ही त्याला?" संघप्रियानं विचारलं, कारण विचारायला हवं होतं.

"न्हाय," आत्ती म्हणाल्या. त्या भिंतीलगतच्या बाकावर पदर ओढून बसल्या होत्या.

डॉक्टर म्हणाल्या, घरातल्या त्या मुळ्या मला बघायच्या आहेत, डबी आणायला सांगा. संघप्रियानं सूरजला फोन लावला. तो कारखान्यातून निघालाच होता, घरावरून डबी घेऊन येतो म्हणाला. तेवढ्यात नर्सनं सम्यकचा हात धरला, शीर सापडायला तीन वेळा टोचावं लागलं, आणि रक्त काढलं. घड्याळात साडेअकरा झाले होते. संघप्रियानं वहीत तेही लिहिलं.

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं, आणि तिनं समजून घेतलं, कारण समजून घेतल्याशिवाय तिला श्वास घेता येत नसे. हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचा एक पदार्थ असतो. स्नायू धडधाकट असेल तर तो आतल्या आत राहतो. स्नायूला मार बसला, विषानं, औषधानं, कशानंही, की तो रक्तात पाझरतो. ईसीजीच्या पट्टीवर ठोके चुकलेले दिसतात, पण स्नायूला किती लागलंय हे पट्टी सांगत नाही, ते रक्त सांगतं. म्हणून आत्ता एकदा काढलं. दोन-अडीचला पुन्हा काढू, संध्याकाळी पुन्हा. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं. आत्ताचा आकडा बहुतेक साधाच येईल, डॉक्टर म्हणाल्या, कारण मार बसल्यावर पाझरायला तीन-चार तास तरी लागतात.

रिपोर्ट तासाभरात आला. तोवर सलाइन लागलं होतं, ठोके ताळ्यावर आणायचं औषध सुरू झालं होतं, सम्यकनं डोळे उघडून एकदा इकडंतिकडं बघितलं होतं. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी संघप्रियाला बाजूला बोलावलं.

आकडा ०.३१ होता. असायला हवा होता ०.०४ च्या खाली.

"तुम्ही म्हणता गुटी सव्वादहाला दिली," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त साडेअकराचं आहे. सव्वा तासात हा आकडा इथवर येत नाही. ह्याच्या हृदयाला काहीतरी आजच्या आधी झालंय. कालच झालं असणार."

संघप्रियानं वही पुढं केली. काल काहीच नाही. काल साडेसातला प्याला, वरण-भात चार चमचे, दुपारी झोप दीड तास. हे सगळं आत्तींनी सांगितलेलं, संध्याकाळी घरी आल्यावर तिनं उतरवून घेतलेलं. डॉक्टरांनी ते वाचलं, मान हलवली. त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच संघप्रियाला जड गेलं. त्या म्हणाल्या, काल काही पोटात गेलं नसेल तर मला दुसरं कारण धरावं लागेल. कधीकधी साध्या सर्दीसारख्या विषाणूनं हृदयाला सूज येते. तसं असेल तर उपचार वेगळे, औषधं वेगळी, आणि ती सोय इथं नाही. पुण्याला हलवावं लागेल. ठोके असे चुकत असताना चार-साडेचार तास ॲम्ब्युलन्समध्ये न्यायचं मला बरं वाटत नाही, पण सूज असेल तर इथं ठेवणं त्याहून वाईट. मी गाडी सांगून ठेवते. तुम्ही घरी पुन्हा एकदा विचारून घ्या.

घरी म्हणजे बाकावर. संघप्रिया वळली तेव्हा आत्तींचं तोंड दुसरीकडं होतं.

सूरज त्याच वेळी आला. शर्टाच्या खिशाला कारखान्याचं ओळखपत्र लोंबत होतं, हातात डबी. पुण्याचं ऐकल्यावर त्यानं डबी लगेच डॉक्टरांच्या पुढं केली. डॉक्टरांनी डबी उघडून आतलं बघितलं. त्या म्हणाल्या, यातलं मला हळकुंड आणि मायफळ तेवढं ओळखू येतं, आजी, बाकीच्या तुम्ही सांगा. आत्तींनी डबी मांडीवर घेतली, हात आत घातला आणि एकेक बाहेर काढायला लागल्या. वेखंड. हिरडा. मग एक लहानशी निमुळती मुळी, मग तशीच आणखी एक. त्या दोन हातात धरून त्या थांबल्या. पुन्हा डबीत हात घातला. बोटं तळाशी, कडेला, पुन्हा तळाशी फिरली. डबी उपडी करून त्यांनी पदरात झाडली.

"काय हुडकताय आत्ती?"

"दोरा," त्या म्हणाल्या. "काळा दोरा बांधलेली हुती एक. बचनागाची. माझ्या गुडघ्याला लावायची. अतिविषासारखीच दिसती ती, म्हणून मीच बांधलता. पोराच्या गुटीत जाऊ ने म्हणून."

बचनाग. हे नाव डॉक्टरांनाही ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही मुळ्या कागदात गुंडाळून घेतल्या. एकीच्या टोकाला ताजं घासल्याची खूण होती. आज ही गेली असेल तर ठोके चुकणं जुळतं, त्या म्हणाल्या. ही थेट हृदयाला धरते. पण सकाळची गोष्ट सकाळचीच. साडेअकराच्या रक्तातला आकडा ह्यानं सुटत नाही. दोन गोष्टी एकदम असू शकतात, विष आणि सूज. आणि त्या फोन करायला आत गेल्या.

सूरजचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. विषाची मुळी पोराच्या डबीत ठेवतं का कुणी? एवढं घर आहे, दुसरा डबा नव्हता? आणि दोरा सुटला कधी, ते तुला कळलं कसं नाही? दवाखान्यातली दोन माणसं वळून बघायला लागली.  आत्ती मुळ्या एकेक करून परत डबीत घालत राहिल्या. त्यांनी सगळं अंगावर घेतलं होतं, आणि घेऊन गप्प बसायचं ठरवलं होतं, हे संघप्रियाला त्यांच्या पाठीकडं बघून कळलं.

दोरा कचऱ्यात होता. गुरुवारचा कचरा शुक्रवारी सकाळी घंटागाडीत गेला होता. हे घरात तिला एकटीला माहीत होतं आणि कुणी तिला कधी विचारणार नव्हतं. वहीत मुळ्या धुतल्याची नोंद नव्हती.  तिनं आधी असा विचार केला की आधी पोर बरं होऊ दे, मग सांगू. त्यावर लगेच दुसरा विचार आला, तो तिला ऐकूही वाटेना. आत्ती गप्प आहेत तोवर काल काय झालं ते कुणाला कळणार नाही. बाईला एकदा दोषी धरलं की ती दुसरा दोष कशाला कबूल करेल? गाडी दारात येईल, आणि सम्यकला ह्या वाकड्या रेघेसकट घालून पुण्याला नेतील, कदाचित नसलेल्या सुजेसाठी.

ती सासूच्या पुढ्यात, दवाखान्याच्या फरशीवर उकिडवी बसली.

"आत्ती, दोरा सुटला नव्हता. मी कापला. गुरुवारी तुम्ही खाली होता तेव्हा सगळ्या मुळ्या धुतल्या मी. मळका होता म्हणून टाकून दिला."

 आत्तींनी तिच्याकडं बघितलं. त्या डोळ्यांना किती दिसत होतं कुणास ठाऊक. मग त्या म्हणाल्या, "तरीच. शुक्करवारी हाताला दोऱ्याची लागली न्हाय. म्हटलं कुठंतरी पडली असंल, गेली तर गेली."

"शुक्रवारी," संघप्रिया म्हणाली.

आत्तींनी पदराचा शेव तोंडाशी नेला, मग खाली सोडला. "रोजच देतो मी," त्या म्हणाल्या. "तू गेलीस की, पाण्यात उगाळून. तुझ्या वहीत न्हाय म्हणून सांगत हुतो, तुला घोर नको म्हणून. दोन म्हयनं झालं. काल बी दिलती. दुपारी वकला बी पोरगा, दोनदा. मी म्हटलं भात जास्त झाला."

"किती वाजता दिली?"

"तू गेल्यावर. साडेधा, अकराला. आणि वकला म्हणून पोट निवळाया चारला परत."

संघप्रिया उठली आणि डॉक्टरांच्या खोलीकडं चालायला लागली. दोन महिने, आठवड्याचे पाच दिवस, तिच्या वहीतला तो रकाना खोटा होता. एरवी एवढ्यावर घर डोक्यावर घेतलं असतं तिनं. आत्ता तिला एवढंच वाटत होतं की काल साडेदहा आणि चार, हे आकडे दारापर्यंत जाईस्तोवर विसरता कामा नयेत.

डॉक्टरांनी फोन कानाला तसाच धरून ऐकलं. काल दोनदा, आज एकदा. त्यांनी टेबलावरच्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं वेळा लिहिल्या, एकाखाली एक, आणि त्यांच्या पुढं ०.३१.

"मग जुळतंय," त्या म्हणाल्या, आणि फोनवरच्या माणसाला गाडी सध्या नको म्हणून सांगितलं.

पुढचं सगळं त्यांनी आत्तींच्या समोर बाकापाशी येऊन सांगितलं, आणि ते संघप्रियाला नंतर फार दिवस बरं वाटत राहिलं. रक्तात दिसलेला मार कालचा आहे. आजचा अजून रक्तात उतरायचाय. त्यामुळं दुपारचा आकडा वाढलेला येईल, संध्याकाळचाही कदाचित, आणि तो आला म्हणून रडारड करायची नाही, तो येणारच. विष अंगातून जायला दिवस-दीड दिवस लागतो. तेवढ्या वेळात ठोके सांभाळायचे, ते आपण इथं सांभाळू. उद्या सकाळी आकडा उतरला पाहिजे. उतरला तर स्नायू सावरायला लागला. नाही उतरला तर तेव्हा बघू. आणि आजी, काल वकला हे आज सांगितलंत ते बरं झालं.

आत्तींनी डबीचं झाकण घट्ट लावलं.

दुपारी अडीचला ०.५८ आला. सूरज हातातल्या कागदाकडं बघत राहिला आणि संघप्रियानंच त्याला सांगितलं की हा येणारच होता. सांगताना तिनं हात सम्यकच्या दुपट्याखाली घातले. संयोगितानं डबा आणून दिला. कुणी खाल्ला, कुणी नाही. संध्याकाळी ०.७१. चढ कमी झालाय हे डॉक्टरांनी बोटानं दाखवलं. मघाशी तीन तासांत जेवढा चढला, त्याच्या निम्मासुद्धा आता चार-पाच तासांत चढला नव्हता. पडद्यावरची रेघ तोवर बरीच सुधारली होती. मिनिटाला एखादाच ठोका हुकायचा. संघप्रिया तो हुकायची वाट बघत बसायची आणि हुकला की मोजायची, न हुकला की तिला आणखी भीती वाटायची. त्या रात्री वही पिशवीतच राहिली. तिनं ती बाहेर काढायचं टाळलं असं नाही. तिला आठवलीच नाही.

आत्ती घरी गेल्या नाहीत. सूरजनं दोनदा सांगून बघितलं. त्याचा राग उतरला होता आणि त्याला त्याची लाज वाटायला लागली होती, म्हणून तो सारखा चहा आणत होता. तिसऱ्या कपाला आत्ती म्हणाल्या, "आता चहानंच मारतोस व्हय मला?" आणि दिवसभरात पहिल्यांदा सूरज हसला.

सकाळी साडेसातला पुन्हा टोचलं. ह्या वेळी सम्यकनं हात ओढला आणि दवाखाना दणाणून सोडला. नर्स म्हणाली, ओरडतोय ते चांगलंय, काल हूं की चूं नव्हतं. त्याच्या रडण्याला इतकं लक्ष देऊन संघप्रियानं आजवर कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या महिन्यात तिनं वहीत रडण्याचे प्रकार लिहून ठेवले होते, भुकेचं, झोपेचं, पोटाचं. हे कशातच बसत नव्हतं. हे नुसतं रागाचं होतं.

रिपोर्ट यायला पावणेनऊ वाजले. डॉक्टर अंतरा दारातूनच कागद हलवत आल्या.

०.४४.

"उतरला," त्या म्हणाल्या. आज आणि उद्या इथंच ठेवू, उद्या हृदयाची सोनोग्राफी करू, महिन्यानं पुन्हा एकदा दाखवायला या. लहान मुलांचं हृदय लवकर सावरतं, पण मी आत्ताच शब्द देत नाही. आकडा साध्यावर येईस्तोवर बघत राहू. आता भूक असेल तर पाजा.

आत्तींनी विचारलं, म्हणजे काय झालं. डॉक्टरांना दुसरा पेशंट होता, तेव्हा संघप्रियानं सांगितलं. म्हणजे, जे फुटून बाहेर येत होतं ते आता यायचं थांबलंय आत्ती. आत भरून यायला लागलंय. तिला डॉक्टरांसारखं सांगता आलं नाही, पण आत्तींना ते पुरलं. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले.

तारा सांभाळत नर्सनं सम्यकला मांडीवर दिलं. तो आधी रागानं तोंड फिरवून राहिला, मग पिऊ लागला, मग पिता पिता त्याचा हात वर आला आणि त्यानं आईच्या केसांची बट पकडून ओढली. दुखलं तिला. तिनं बट सोडवून घेतली नाही.

आत्तींचा फोन वाजला. नेसरीहून दादासोचा, सूरजच्या थोरल्या भावाचा होता. काल सूरजनं घाईत काय सांगितलं होतं त्यावरून गावात एव्हाना बरंच काही झालं असावं. आत्तींना बटणं दिसत नसल्यामुळं त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा, आणि दादासोचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. पोरगं कसं हाय, हे त्यानं विचारलं. मग लगेच, हे झालं कसं, गुटीत विष गेलं म्हणतात, कुणाची चूक म्हणायची ही?

संघप्रियानं मान वर केली. सूरज दारात कप घेऊन उभा होता.

"दोघींची," आत्ती म्हणाल्या. "मी आन प्रियानं मिळून केली. आता ठेव फोन, पोरगं दूध पितंय."